प्रोग बँडांचा सगळ्यात कच्चा अल्बम कोणता? माझं मत 'युनियन'ला

तिसरी_घंटा

जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडांच्या पडेल अल्बमांचा विषय निघाला की तीन नावं ठरलेली असतात. ईएलपीचा (एमर्सन, लेक अँड पामर या तिघांच्या बँडचा) 'लव्ह बीच', इंग्लंडच्या येस या बँडचा 'टॉरमॅटो' आणि येसचाच 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. हे तिन्ही मी मनापासून, पुन्हापुन्हा ऐकलेत आणि माझ्या मते तिघांपैकी एकही तळाचा नाही. तळाला आहे १९९१चा 'युनियन', तोही येसचाच. माझ्या सगळ्यात लाडक्या बँडबद्दल हे लिहितेय, म्हणजे विचार करूनच लिहितेय.

आधी कसोटी सांगते, नाहीतर नुसती नावांची फेकाफेक होते. मी बेस वाजवते, त्यामुळे माझा कान पहिल्यांदा खाली जातो. बेस आणि ड्रम एकमेकांचं ऐकतायत का? मग त्यांच्यावर की-बोर्ड आणि गिटार एकमेकांना जागा देतायत का? 'क्लोज टु द एज' (१९७२) सुरू होतो तेव्हा पाचही जण पाच दिशांना सुटल्यासारखे वाटतात, आणि तेवढ्यात सगळे एकाच क्षणी थांबतात, नुसता गळ्यांचा 'आ' येतो आणि पुन्हा धावपळ सुरू. गवई समेकडे येताना तबलजी त्याच्या तोंडाकडे बघत असतो ना, तसं हे एकमेकांकडे बघणं ऐकू येतं. या संगीतात गाणी लांब असतात, ताल विषम असतात, शब्द बऱ्याचदा अगम्य असतात. हे सगळं सुसह्य होतं ते या ऐकण्यामुळे. ते गेलं की मागे फक्त कसरत उरते.

आता 'युनियन' बघा. १९८९च्या सुमारास येसचे दोन तुकडे झाले होते. जॉन अँडरसन (गायन), बिल ब्रुफर्ड (ड्रम), रिक वेकमन (की-बोर्ड) आणि स्टीव्ह हाउ (गिटार) हे चौघं एकीकडे, स्वतःच्या आडनावांनी अल्बम काढत होते. दुसरीकडे लॉस एंजेलिसला ख्रिस स्क्वायर (बेस), अ‍ॅलन व्हाइट (ड्रम), ट्रेव्हर रॅबिन (गिटार) आणि टोनी के (की-बोर्ड), आणि 'येस' हे नाव यांच्याकडे. पहिल्या चौघांचा दुसरा अल्बम चालू होता, तो नीट पुढे जाईना. मग व्यवहार झाला: दुसऱ्या गटाची चार गाणी घ्यायची, पहिल्या गटाची दहा, आणि वर 'येस' लिहायचं. मुखपृष्ठाच्या आत आठ जणांची नावं. पण ब्रुफर्ड आणि व्हाइट एकाही गाण्यात एकत्र वाजवत नाहीत. अँडरसनच्या बाजूच्या गाण्यांत बेस टोनी लेव्हिनचा आहे, स्क्वायरचा नाही. लेव्हिन थोरच आहे, पण स्क्वायर जिवंत आणि करारबद्ध असताना येसच्या अल्बमवर त्याचा रिकनबॅकर बेस बहुतेक गाण्यांत नाही, हे मला अजूनही सोसत नाही. त्यात निर्माता जोनाथन एलायसने हाउ आणि वेकमन यांचे बरेच भाग बाहेरच्या वादकांकडून भरून घेतले. गिटारवर बऱ्याच ठिकाणी जिमी हॉन आहे. वेकमन या अल्बमला 'अनियन', म्हणजे कांदा, म्हणतो, कारण ऐकला की त्याला रडू येतं.

आणि ते ऐकू येतं हो. 'शॉक टु द सिस्टम' किंवा 'डेंजरस' लावा. सगळं जागच्या जागी, चकचकीत, पण कुणी कुणाला काही विचारत नाही, उत्तर देत नाही. अख्ख्या अल्बममध्ये माझ्या अंगावर काटा येतो तो 'मास्करेड'ला, आणि तिथे हाउ एकटा गिटार घेऊन बसलाय. आठ जणांच्या अल्बममधली सगळ्यात जिवंत सव्वादोन मिनिटं एकट्या माणसाची असतील, तर मी त्याला येसचा अल्बम कसं म्हणू?

'टॉरमॅटो' (१९७८) त्याच्या शेजारी ठेवा. गडबड आहे, मान्य. 'सर्कस ऑफ हेवन' मलाही झेपत नाही. हाउ आणि वेकमन एकाच वेळी एकाच पट्टीत भरभर वाजवत राहतात. पण ते दोघं तिथे आहेत! भांडतायत, पण एका खोलीत भांडतायत. 'ऑन द सायलेंट विंग्ज ऑफ फ्रीडम'ची सुरुवात ऐका, स्क्वायर आणि व्हाइट दोघंच कितीतरी वेळ एकमेकांना खेळवत राहतात. आणि 'ऑनवर्ड' हे स्क्वायरने लिहिलेलं गाणं, इतकं साधं आणि इतकं निर्मळ, की ज्याने तो अल्बम मुखपृष्ठावरच्या टोमॅटोच्या डागामुळे उडवून लावला त्याने ते गाणं ऐकलंच नसणार.

तुमचा तळाचा अल्बम कोणता? नाव घ्या, पण कारणासकट.

---

मूग_मॉड्यूलर

कसोटी आवडली, पण त्याच कसोटीवर 'लव्ह बीच' आणखी खाली जातो.

१९७८मध्ये ईएलपी फुटायच्या बेतात होते. आदल्या वर्षी ऑर्केस्ट्रा घेऊन केलेल्या दौऱ्यात पैसा बुडाला होता, एकमेकांचं तोंड बघायची इच्छा नव्हती, पण अटलांटिक कंपनीला करारातला एक अल्बम द्यायचा बाकी होता. कंपनीला छोटी, रेडिओवर चालणारी गाणी हवी होती. मग तिघं बहामाला, नासाउच्या कंपास पॉइंट स्टुडिओत गेले आणि अक्षरशः पाट्या टाकून आले. लेक (गायन, बेस) आणि पामर (ड्रम) आपापलं काम आटपून निघून गेले आणि उरलेलं सगळं की-बोर्डवाल्या एमर्सनने एकट्याने निस्तरलं. सांगा, यात कोण कुणाचं ऐकत होतं?

पहिली बाजू लावून बघा. लेकची प्रेमगीतं, आणि एमर्सन त्यांना बाहेरून झालर लावतोय. हाच माणूस पाच वर्षांपूर्वी 'ब्रेन सॅलड सर्जरी'त 'कार्न ईव्हल ९' वाजवत होता, अर्धा तास, श्वास घ्यायला जागा नाही! आणि मुखपृष्ठावर, तेव्हाच्या चित्रकार गीगरच्या त्या भयंकर चित्राच्या जागी, शर्टाची बटणं सोडून समुद्रकाठी उभे असलेले तिघं. ते बघून मला हसू येत नाही, वाईट वाटतं.

ईएलपीच्याच १९९४च्या 'इन द हॉट सीट'ला बरेच जण तळाला टाकतात. मी टाकत नाही. एमर्सनच्या उजव्या हाताच्या नसांचं दुखणं तेव्हा चालू होतं, शस्त्रक्रिया झाली होती. त्या माणसाचा उजवा हात म्हणजे काय चीज होती हे ज्याने 'टार्कस' ऐकलंय त्याला ठाऊक आहे. तो अल्बम मी या हिशेबात धरणार नाही.

---

टेप_नं_७

मी ध्वनिमुद्रणात काम करतो, त्यामुळे 'एका खोलीत' या मुद्द्यावर थोडं थांबवतो. तुम्ही उदाहरण दिलेला 'क्लोज टु द एज' अखंड वाजवलेला नाही. अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत तो तुकड्यातुकड्यांनी झाला. एक तुकडा बसवायचा, मुद्रित करायचा, मग पुढचा, आणि येसचा निर्माता-ध्वनिमुद्रक एडी ऑफर्ड फिती कापून जोडणार. ब्रुफर्ड या कामाच्या पद्धतीला इतका कंटाळला की अल्बम पूर्ण झाल्यावर येस सोडून किंग क्रिमसन या बँडकडे गेला. म्हणजे तुम्हाला जे एकमेकांकडे बघणं ऐकू येतं त्यात ब्लेडचाही हात आहे.

'टॉरमॅटो'चं दुखणं मला वेगळं वाटतं: त्याला निर्माता नाही. ऑफर्ड सुरुवातीला होता, नंतर नाही. श्रेय बँडने स्वतःलाच दिलंय. पाच जणांपैकी प्रत्येकाला आपला आवाज वर हवा असतो, तेव्हा 'तू खाली हो' म्हणणारा सहावा माणूस लागतो. तो नसला की काय होतं ते त्या अल्बममध्ये ऐका. वेकमनकडे पॉलिमूग आणि बिरोट्रॉन हे की-बोर्ड, दोन्हींचा आवाज बारीक, वरच्या अंगाचा. हाउची गिटार तिथेच. स्क्वायरने बेसवर तो कुईकुई करणारा फिल्टर लावलाय, म्हणजे तोही आपली खालची जागा सोडून वर आलेला. खाली जमीनच राहत नाही. गाणी वाईट नाहीत, हे तुमच्याशी सहमत. 'रिलीज, रिलीज'च्या मध्ये श्रोत्यांचा गलका मिसळलाय तो मात्र कुणी कशासाठी ठेवला हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

---

तिसरी_घंटा

@टेप_नं_७, फितीचं बरोबर आहे, पण त्याने माझा मुद्दा आणखी घट्ट होतो. तुकडे होते, पण प्रत्येक तुकडा पाच जणांनी डोकं लावून, भांडून बसवलेला होता. ब्रुफर्ड कंटाळला तो याच भांडणांना ना? 'युनियन'मध्ये कंटाळायलाही कुणी समोर नव्हतं. आणि 'तू खाली हो' म्हणणारा माणूस हवा हे एकदम पटलं. 'युनियन'ला तो होता, पण तो 'खाली हो' म्हणण्याऐवजी 'तुझ्या जागी दुसरा आणतो' म्हणाला.

@मूग_मॉड्यूलर, पहिल्या बाजूबद्दल मी भांडणार नाही. पण दुसरी बाजू? 'मेमॉयर्स ऑफ अ‍ॅन ऑफिसर अँड अ जंटलमन', वीस मिनिटं, चार भाग, गीतकार पीट सिनफील्डचे शब्द. 'लेटर्स फ्रॉम द फ्रंट'मध्ये पामर किती संयमाने वाजवतो ते ऐका. आणि पहिल्याच बाजूवरचं 'कॅनॅरिओ', रॉद्रिगोच्या गिटार कॉन्सर्टोतला नाच तिघांनी उचललाय, त्यात तर जुनी भट्टी पुरती जमली आहे. बटणं सोडलेल्या फोटोपायी ही पंचवीसेक मिनिटं वाया जावीत, हे मला मान्य नाही.

---

श्रुतिस्मृति_पुराणोक्त

मी 'टेल्स'च्या विरोधात उभा राहतो. माझं नाव बघून कळलं असेल की या अल्बमशी माझं जुनं नातं आहे.

१९७३मध्ये जपानच्या दौऱ्यावर असताना अँडरसनने परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचलं, त्यातल्या एका तळटिपेत श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र असे शास्त्रांचे चार भाग सांगितलेत, आणि त्यावर त्याने चार बाजूंचा, ८१ मिनिटांचा अल्बम रचला. एक बाजू एका शास्त्राला. आमच्या घरी सत्यनारायणाला गुरुजी 'श्रुतिस्मृतिपुराणोक्तफलप्राप्त्यर्थं' म्हणायचे, ते शब्द लहानपणापासून कानात बसलेले. हॉस्टेलवर एका सिनियरने हा अल्बम दिला आणि त्यामागची गोष्ट सांगितली तेव्हा मी अक्षरशः थरारलो होतो. म्हणून माझी अपेक्षाही मोठी होती.

आणि ती अपेक्षा पुरी झाली नाही. तळटीप ही तळटीप असते. पूर्वमीमांसा सोडा, एखादं उपनिषद तरी उघडून बघायचं. 'द रिमेम्बरिंग'मध्ये स्मृती म्हणजे नुसत्या आठवणी होऊन बसल्यात. स्मृतिग्रंथांचा धर्म, व्यवहार, आचार यांच्याशी असलेला संबंध कुठेच नाही. बरं, तत्त्वज्ञान सोडून देऊ, संगीत बघू. वेकमनची तक्रार अशी होती की सामग्री एका तबकडीपेक्षा जास्त आणि दोन तबकड्यांपेक्षा कमी होती, म्हणून ती ताणली. मला ती शंभर टक्के पटते. मँचेस्टरच्या कार्यक्रमात तो मंचावर बसून करी जेवला हे सगळ्यांना माहीत आहे. लोक ते गंमत म्हणून सांगतात. मला त्यात एका वादकाचा कंटाळा दिसतो. तुमच्याच कसोटीने विचारतो: की-बोर्डवाला जेवत असेल तर कोण कुणाचं ऐकतंय?

---

लेकसाइड_टोरांटो

इथे सगळे इंग्लंडबद्दल बोलतायत, मी कॅनडाचं एक नाव घेतो. रश या बँडचा 'कॅरेस ऑफ स्टील' (१९७५). एका बाजूला साडेबारा मिनिटांचा 'द नेक्रोमॅन्सर', दुसरी अख्खी बाजू 'द फाउंटन ऑफ लॅम्नेथ'. विक्री झाली नाही, कंपनी नाराज, दौऱ्यात जागा छोट्या-छोट्या होत गेल्या. बँडनेच त्या दौऱ्याला 'डाउन द ट्यूब्ज' नाव दिलं होतं, म्हणजे गेलो आता गटारात. कंपनीने सांगितलं, पुढच्या वेळी छोटी गाणी. त्यांनी पुढच्या वर्षी '२११२' काढला, पहिली अख्खी बाजू एकच गाणं, आणि तोच त्यांना तारून गेला.

मी 'कॅरेस'ला रशचा त्या काळातला सगळ्यात कच्चा अल्बम म्हणतो. लॅम्नेथचे भाग एकमेकांना धरून राहत नाहीत, शिवणी दिसतात. पण त्या शिवणी घालायला ते तिथेच शिकले. 'युनियन'मधून कोण काय शिकलं? हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

त्याच अल्बमवरचं 'लेकसाइड पार्क' मात्र माझ्या फार जवळचं आहे. ती जागा सेंट कॅथरिन्समधल्या पोर्ट डलहौसीला आहे, रशचा ड्रमर नील पर्ट पोरवयात तिथे काम करायचा. मुलीला घेऊन मी दर उन्हाळ्यात जातो. तिथल्या जुन्या लाकडी घोड्यांच्या चक्राला आजही पाच सेंट पडतात.

---

फ्लॉइडप्रेमी_नाशिक

तिसरी_घंटा यांच्या कसोटीला पुरावा देतो. पिंक फ्लॉइडचा 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' (१९८७). वॉटर्स बँड सोडून गेलेला, ड्रमर मेसन आणि की-बोर्डवाला राइट नावापुरते, ड्रम आणि की-बोर्डवर बरंचसं काम बाहेरच्या वादकांचं आणि यंत्रांचं. आवाज त्या दशकाचा, बँडचा नाही. २०१९मध्ये तो पुन्हा मिक्स होऊन आला तेव्हा काय केलं? मेसनने ड्रम नव्याने वाजवले आणि राइटचे तुकडे जुन्या मैफलींच्या मुद्रणांतून उचलून घातले. राइट तोवर वारलेला होता, २००८मध्ये. म्हणजे बँडलाच वाटलं की इथे आपली माणसं नाहीत, ती आणून बसवायला हवीत. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्या की तुमचा मुद्दा आणखी समजावून सांगावा लागत नाही.

जेनेसिसच्या 'कॉलिंग ऑल स्टेशन्स'बद्दल (१९९७) कुणी काहीच बोललं नाही? नवा गायक रे विल्सनचा गळा चांगला आहे, खर्जात भारदस्त, सगळं खापर त्याच्यावर फोडतात ते अन्यायाचं आहे. मला त्यात उणीव जाणवते ती जुन्या गायक-ड्रमर फिल कॉलिन्सच्या ड्रमची. दोन चांगले ड्रमर घेतले होते, पण बँक्सच्या की-बोर्डच्या स्वरांना तालातून कुरवाळणारा आणि गरज पडली तर ढकलणारा माणूस बँड सोडून गेला होता.

---

तिसरी_घंटा

कॉलिन्सच्या ड्रमबद्दल अगदी अगदी. 'द डिव्हायडिंग लाइन'मध्ये ड्रम जोरात आहेत, कौशल्य आहे, पण बँक्स बदलतो तेव्हा ते बदलत नाहीत. २०१९चं फ्लॉइडचं उदाहरण उत्तम आहे. 'युनियन'चं कुणी असं करू शकणार नाही, कारण स्क्वायर २०१५मध्ये वारला आणि व्हाइट २०२२मध्ये.

@श्रुतिस्मृति_पुराणोक्त, तळटिपेबद्दल तुमचं दुःख मला समजतं, शास्त्रांच्या बाजूने मी काही बोलणार नाही. मी फक्त संगीताच्या बाजूने बोलते. चौथी बाजू, 'रिच्युअल'. त्यात स्क्वायर बेसवर जी सुरावट घेतो ती मी शेकडो वेळा वाजवली असेल, बेस हे गाण्याचं वाद्य आहे हे मी तिथे शिकले. मग व्हाइट आणि इतर मिळून तो तालवाद्यांचा कल्लोळ करतात आणि त्यातून हाउची गिटार हळूच बाहेर येते. तिसऱ्या बाजूच्या शेवटी हाउची अकूस्टिक गिटार आणि अँडरसनचा आवाज, बाकी जवळजवळ कुणी नाही. वेकमन कंटाळला होता, खरं आहे. पण बाकीचे चौघं इतके जागे आहेत की त्याची गैरहजेरी उघडी पडते. 'युनियन'मध्ये कोण गैरहजर आहे हे कळायला मुखपृष्ठाच्या आतला मजकूर वाचावा लागतो.

@लेकसाइड_टोरांटो, 'कोण काय शिकलं' हे फार चांगलं विचारलंत. त्याचं उत्तर 'टॉरमॅटो'बाबत देता येतं. १९७९मध्ये पॅरिसला पुढच्या अल्बमची जुळवाजुळव फसली, अँडरसन आणि वेकमन निघून गेले. उरलेले तिघं, स्क्वायर, हाउ आणि व्हाइट, घरी गेले नाहीत. लंडनमध्ये गायकाशिवाय, की-बोर्डशिवाय तालमी करत बसले. मग बगल्स या पॉप जोडीचे ट्रेव्हर हॉर्न (गायन) आणि जेफ डाउन्स (की-बोर्ड) त्यांच्यात आले आणि १९८०चा 'ड्रामा' झाला. 'मशीन मसाया' सुरू होतं तेव्हा गिटार, बेस आणि ड्रम एकाच वजनाने खाली येतात, आणि 'टेम्पस फ्यूजिट'मध्ये स्क्वायर-व्हाइट अशा वेगाने एकमेकांना चिकटून पळतात की मध्ये कागद घालायला जागा नाही. डाउन्स हाउच्या पट्टीत शिरत नाही, त्याला मोकळं सोडतो. 'टॉरमॅटो'त जे जे फसलं होतं ते तिथे जागेवर आलंय, आणि तेही अँडरसनशिवाय.

ज्यांनी 'अँडरसन नाही म्हणजे येस नाही' म्हणून 'ड्रामा' कधी लावलाच नाही, त्यांनी 'युनियन' आणि 'ड्रामा' एकाच संध्याकाळी लावावेत. एकात अँडरसन आहे, एकात नाही. मग येस कशात आहे ते इथे लिहा.

---

मूग_मॉड्यूलर

'लेटर्स फ्रॉम द फ्रंट' आत्ता लावलं. पामरबद्दल तुमचं बरोबर आहे, झांजा जेमतेम हलतायत आणि तरी चाल पुढे जाते. पण पहिली बाजू मी तळाशीच ठेवतो. 'टेस्ट ऑफ माय लव्ह'चे शब्द लिहिणारा सिनफील्ड तोच, ज्याने किंग क्रिमसनच्या पहिल्या अल्बमसाठी 'एपिटाफ' लिहिलं. हे मला कुणीतरी समजावून सांगा.